विश्लेषण : छातीवरचे पदक कसे दिसावे, हे ठरवते कोण?

परमवीर चक्राचे रेखाटन खानोलकरांच्या घरातील एका सुनेने केले. ब्रिटनमध्ये शहिदांच्या स्मरणपट्टीसाठी ८००हून अधिक रेखाटने आली होती. अमेरिकेत त्यासाठी जाहीर बैठक भरते आणि गुण दिले जातात. आपल्या स्मरणपदकांचे काय?

गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांचे स्मारक आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सहायक पोलीस उपनिरीक्षक ओंबळे यांनी इथेच कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांना २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. गडद हिरव्या फितीच्या मधोमध केशरी रेघ आणि खाली सोनेरी मुलामा दिलेले, मध्यभागी अशोकाचे चक्र असलेले पदक. फोटो सगळ्यांनी पाहिला आहे.

स्मारकापासून चालत काही मिनिटांवर भारतीय विद्या भवन आहे. भवनाच्या प्रकाशनांत ‘सेंट्स ऑफ महाराष्ट्र’ हे महाराष्ट्रातील संतांवरचे इंग्रजी पुस्तक आहे. लेखिका सावित्रीबाई खानोलकर. अशोकचक्राचे रेखाटनही त्यांचेच. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र हीसुद्धा त्यांच्याच हातची. पदक सगळ्यांना माहीत आणि रेखाटणारी फार थोड्यांना, असे का झाले? त्याचे उत्तर पदके निवडण्याच्या पद्धतीत आहे.

सावित्रीबाई खानोलकर कोण?

त्यांचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशाटेल इथला. माहेरचे नाव ईव्ह इव्होन माडे दे मारोस. वडील हंगेरियन, आई रशियन. सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत शिकणारे विक्रम खानोलकर सुट्टीत आल्प्समध्ये फिरायला गेले असता दोघांची ओळख झाली. घरच्यांचा विरोध मोडून ती मुलगी १९३२मध्ये भारतात आली, लग्न केले आणि सावित्री झाली. मराठी, हिंदी, संस्कृत शिकली. नुसती बोलण्यापुरती नाही, तर पुराणे आणि संतचरित्रे मुळातून वाचण्याइतकी.

स्वातंत्र्यानंतर व्हिक्टोरिया क्रॉसच्या तोडीचे भारतीय पदक हवे होते. ते काम लष्करातील मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आले. त्यांनी स्पर्धा जाहीर केली नाही. लष्करी वर्तुळात परिचयाच्या असलेल्या, पुराणांचा अभ्यास असलेल्या या बाईंना त्यांनी विचारले. सावित्रीबाईंनी दधीची ऋषींची कथा निवडली. वृत्रासुराला मारण्यासाठी देवांना हाडांचे शस्त्र हवे होते. दधीचींनी देह ठेवला आणि त्यांच्या हाडांपासून इंद्राचे वज्र घडले.

परमवीर चक्र म्हणजे सुमारे साडेतीन सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची चकती. मध्यभागी राजमुद्रा, भोवती चार वज्रे. मागे हिंदी आणि इंग्रजीत नाव, दोन नावांच्या मध्ये कमळे. वर साधी जांभळी फीत. पदक फिरत्या कडीवर टांगलेले असते, त्यामुळे मागची बाजूही बघता येते. बस, एवढेच. त्यात तलवार उगारलेला सैनिक नाही की तोफ, विमान, जहाज नाही. हे शस्त्र ज्याने दिले त्याने स्वतःला संपवून दिले, एवढी एकच गोष्ट त्यात आहे. आजवर २१ जणांना हे पदक मिळाले, त्यांतील १४ मरणोत्तर. म्हणजे बहुतेक वेळा ते घ्यायला पत्नी, आई किंवा वडील पुढे आले. हे लक्षात घेतले तर दधीचीची निवड किती नेमकी होती ते कळते.

२६ जानेवारी १९५० रोजी पदकाची अधिसूचना निघाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७पासून लागू झाले. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा. ते सावित्रीबाईंच्या जावयाचे सख्खे भाऊ होते. बडगामच्या लढाईत ३ नोव्हेंबर १९४७ रोजी ते धारातीर्थी पडले होते.

एका जाणत्या व्यक्तीवर विश्वास टाकून काम सोपवले की असे घडू शकते. पण हा योग होता, व्यवस्था नव्हती. अटल यांच्या ओळखीत सावित्रीबाई नसत्या तर काय झाले असते?

समिती बसवली तर काय होते?

याचे सर्वांत मोठे उदाहरण पहिल्या महायुद्धातले आहे. युद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी काहीतरी आठवण पाठवायची, असे ब्रिटिश सरकारने १९१६मध्ये ठरवले. समिती नेमली. लष्करी अधिकारी आणि राजकारण्यांबरोबर संग्रहालये आणि नाणेशास्त्रातली माणसेही घेतली. ब्राँझची पट्टी द्यायची, त्यावर ‘तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य असेल, हे स्पर्धेआधीच पक्के केले. ऑगस्ट १९१७मध्ये खुली स्पर्धा जाहीर झाली. स्पर्धकाने खरे नाव न देता टोपणनावाने नमुना पाठवायचा होता. परदेशातील आघाड्यांवरच्या माणसांनाही भाग घेता यावा म्हणून मुदत वाढवण्यात आली. ८००हून अधिक नमुने आले. ‘पिरॅमस’ या टोपणनावाचा नमुना पहिला आला. लिफाफा उघडल्यावर नाव निघाले ते लिव्हरपूलचे एडवर्ड कार्टर प्रेस्टन. बक्षीस २५० पौंड.

इतके करूनही टीका झालीच. ब्रिटानियाच्या पायाशी असलेला सिंह सिंहासारखा दिसत नाही, असे प्राणिसंग्रहालयातल्या जाणकारांनी सुनावले. खालच्या चिंचोळ्या पट्टीत एक छोटा सिंह जर्मन गरुडाला फाडताना दाखवला होता. युद्ध सुरू असताना ते ठीक होते. पण ज्या आईने ती पट्टी पुढची ३० वर्षे कपाटात जपली, तिला त्या गरुडाचे काय करायचे होते?

मात्र या समितीने एक निर्णय फार मोठा घेतला. पट्टीवर मृताचे नाव उठावात घालायचे, हुद्दा घालायचा नाही. जनरल असो की साधा शिपाई, पट्टी एकसारखी. १३ लाखांहून अधिक पट्ट्या निघाल्या. सेवेत मृत्यू पावलेल्या सुमारे ६०० स्त्रियांसाठी वाक्यातील ‘तो’च्या जागी ‘ती’ करण्यात आले. साताऱ्याच्या अपशिंगे गावाने, जे आता अपशिंगे (मिलिटरी) म्हणूनच ओळखले जाते, त्या युद्धात ४६ माणसे गमावली. अशा गावांपर्यंत साम्राज्याची आठवण धातूच्या रूपातच पोहोचत होती.

त्याच सरकारने त्याच युद्धासाठी काढलेले ‘ब्रिटिश वॉर मेडल’ मात्र वेगळी गोष्ट सांगते. चित्र सगळ्यांना एकच, घोड्यावरचा नग्न पुरुष. सैनिकाला ते चांदीचे मिळाले. मजूर तुकड्यांमधील भारतीय, चिनी आणि माल्टाच्या माणसांना ब्राँझचे. रेखाटन एक, धातू दोन. कोणता धातू कोणाला, हा कागदावर तांत्रिक वाटणारा निर्णय असतो. पण घरात पदक हातात घेणाऱ्याला तो ताबडतोब कळतो. पदकाच्या समितीत कलावंत हवाच. पण धातूबद्दलच्या अशा ओळीवर बोट ठेवून ‘हे का?’ विचारणारा माणूसही हवा.

एकाच शब्दाने पदक कसे बदलते, याचा किस्सा व्हिक्टोरिया क्रॉसचा आहे. १८५६मध्ये पदकाचा आराखडा राणी व्हिक्टोरियापुढे गेला तेव्हा त्यावर ‘शूरांसाठी’ अशा अर्थाचे शब्द होते. राणीने ते खोडून ‘शौर्यासाठी’ असे केले. कारण ‘शूरांसाठी’ म्हटले तर पदक न मिळालेले बाकीचे शूर नव्हते, असा अर्थ निघतो. पुढे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठी जवानांना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसवर हाच दुरुस्त केलेला शब्द होता.

गुण देऊन निवड कशी करतात?

ब्रिटनमध्ये १९२२पासून नाणी, पदके आणि सन्मानचिन्हांच्या रेखाटनांवर सल्ला देणारी कायमस्वरूपी समिती आहे. तिथल्या टांकसाळीला ती सल्ला देते. अमेरिकेत काँग्रेसतर्फे दिली जाणारी सुवर्णपदके अनेकदा एखाद्या लष्करी तुकडीच्या स्मरणार्थ असतात. दोन्ही महायुद्धांत आपल्या भाषेतून गुप्त संदेश पाठवणाऱ्या आदिवासी सैनिकांच्या जमातींना २०१३मध्ये दिलेली पदके त्यातलीच. त्यांची रेखाटने ११ सदस्यांच्या नागरिक सल्लागार समितीपुढे जातात. त्यात संग्रहालयातील क्युरेटर, शिल्पकलेतील जाणकार, इतिहासाचा अभ्यासक, नाणेतज्ज्ञ यांच्या जोडीने सर्वसामान्य जनतेचे तीन प्रतिनिधी असतात. चार सदस्य काँग्रेसच्या नेत्यांनी सुचवलेले.

प्रत्येक सदस्य प्रत्येक रेखाटनाला शून्य ते तीन गुण देतो. म्हणजे जास्तीत जास्त ३३. बैठक जाहीर असते, चर्चेचा वृत्तान्त नंतर वाचायला मिळतो. ज्यांच्या नावाने पदक निघते त्यांचे म्हणणेही ऐकले जाते. अंतिम निर्णय अर्थमंत्र्यांचा. समितीची शिफारस त्यांच्यावर बंधनकारक नाही, तरीही कोणते रेखाटन का मागे पडले हे लोकांना कळते.

या पद्धतीचा दोषही आहे. प्रत्येकाचे समाधान करायला निघाले की झेंडा, नकाशा, विमान, बूट, गरुड, तारखा असे सगळे एकाच चकतीत कोंबले जाते. लालबाग-परळच्या मंडळांत मूर्तीचे स्केच पास करण्याची मीटिंग ज्याने अनुभवली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. ‘मागे गड पण घ्या’, ‘प्रभावळ मोठी करा’, ‘वर्ष पण येऊ द्या’. मूर्ती २० फुटी असते म्हणून ते सगळे खपून जाते. पदकाला साडेतीन सेंटिमीटरच मिळतात.

एवढ्याशा चकतीत अवघड काय?

समितीपुढे येणारे रेखाटन कागदावर किंवा हल्ली स्क्रीनवर मोठे दिसते. तिथेच फसगत होते. पूर्वी शिल्पकार पदकाचे प्रारूप प्लास्टरमध्ये कित्येक पट मोठे करायचा. मग एक यंत्र त्या प्रारूपावरून सुई फिरवत तेच रूप लहान करून पोलादात कोरायचे. आज हे काम संगणकावर होते. पण धातूचे वागणे बदललेले नाही. डायच्या दाबाखाली धातू खोल जागेत सरकतो. एका बाजूला चेहरा फार उठावदार ठेवला आणि नेमक्या त्याच्या मागे दुसऱ्या बाजूलाही जाड उठाव असला, तर तिथे भरायला धातू पुरत नाही. नाक सपाट येते. अक्षरे बारीक ठेवली तर ती वर्षभरात घासून जातात. देवनागरीत ही अडचण जास्त, कारण वेलांटी आणि रफार आधी झिजतात.

म्हणून अनुभवी परीक्षक रेखाटन प्रत्यक्ष आकारात छापून मागतात आणि हातभर अंतरावरून बघतात. मोबाइलवर वाचणाऱ्याला हे करून पाहता येईल. परमवीर चक्राचा फोटो अंगठ्याच्या पेराएवढा लहान करा. चार वज्रे तरीही दिसतात.

फितीचे महत्त्व तर पदकापेक्षाही मोठे. २६ जानेवारीला शिवाजी पार्कच्या संचलनात पदके झुलताना दिसतात, पण रोजच्या गणवेशावर पदक नसते, फक्त फितीचे तुकडे असतात. शेजारच्या फितीपासून ती वेगळी ओळखू आली पाहिजे, उन्हात विटली तरी. नवे पदक काढायचे म्हणजे शिल्लक राहिलेल्या रंगांच्या जुळण्यांमधून एक शोधणे. जितकी पदके वाढतात तितके हे काम कठीण होते.

आपल्या स्मरणपदकांचे काय होते?

स्वतंत्र भारताच्या पहिल्याच स्मरणपदकात घोटाळा होता. १५ ऑगस्ट १९४७च्या स्मरणार्थ काढलेल्या पदकाच्या पुढच्या बाजूला अशोकचक्र होते आणि त्याच्या डोक्यावर ब्रिटिश मुकुट. भोवती राजा सहाव्या जॉर्जची लॅटिन बिरुदावली. मागे अशोकाचे सिंह, तर फीत केशरी, पांढरी, हिरवी. देश तेव्हा डोमिनियन होता, म्हणून कायद्याने ते बरोबरच होते. तरी स्वातंत्र्याच्या पदकावर राजाचा मुकुट, हे एका फायलीवर दोन सत्तांच्या सह्या असल्याचे लक्षण होते.

नंतर स्वातंत्र्याच्या २५व्या, ५०व्या आणि ७५व्या वर्षी त्या-त्या वेळी सेवेत असलेल्यांसाठी स्मरणपदके निघाली. १९६५, १९७१ आणि कारगिलसाठी वेगळी. प्रस्ताव संरक्षण मंत्रालयातून जातो, राष्ट्रपतींची मान्यता होते आणि राजपत्रात अधिसूचना येते. अधिसूचनेत पदकाचा आकार, व्यास, धातू, पुढे काय, मागे काय, फितीची रुंदी आणि तिच्यावरचे पट्टे असे नेमके वर्णन असते. मंजूर नमुना सीलबंद करून जपून ठेवला जातो, म्हणजे पुढे कोणी काही बदलले तर त्याच्याशी ताडून पाहता येते. ही शिस्त चांगली आहे.

पण त्या अधिसूचनेत रेखाटणाऱ्याचे नाव नसते. १९५०च्या अधिसूचनेतही परमवीर चक्र कसे दिसेल ते आहे, सावित्रीबाई नाहीत. किती पर्याय पाहिले, कोणी पाहिले, नाकारलेले का नाकारले, यातले काहीही त्यात नसते. सैन्याबाहेरचा एखादा शिल्पकार किंवा नाणेतज्ज्ञ त्या खोलीत होता का, हे वाचकाला कळण्याचा मार्ग नाही. ज्यांच्या छातीवर पदक लागणार त्यांना विचारले का, हेही नाही.

चिन्ह ठरवणारा कोणती आठवण ठेवायची आणि कोणती नाही हेही ठरवतो. महार रेजिमेंटच्या चिन्हावर सुरुवातीला कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढून त्या जागी खंजीर आला. ते योग्य की अयोग्य यावर परळ-दादरमध्ये दोन मते ऐकू येतील, पण दोन्ही बाजूंना त्या वेळच्या चर्चेचा कागद वाचायला मिळाला तर वाद निदान माहितीवर होईल.

खुली स्पर्धा घेता येईल का?

घेता येते, हे पवईने दाखवले आहे. रुपयाच्या चिन्हासाठी अर्थ मंत्रालयाने २००९मध्ये देशभरातून रेखाटने मागवली. ३,३३१ आली. परीक्षक मंडळाने पाच निवडली. त्यांतून आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रात शिकलेल्या डी. उदय कुमार यांचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने स्वीकारले. प्रक्रियेवर आक्षेप आले, प्रकरण न्यायालयातही गेले. तरीही चिन्ह कोणाचे हे शाळेतल्या मुलांना पाठ आहे.

लष्करी पदकात गोपनीय काही नसते. ते सगळ्यांना दिसावे म्हणूनच असते. मोहीम सुरू असताना तिच्या पदकाची स्पर्धा घेता येणार नाही, हे मान्य. पण स्वातंत्र्याचे ७५वे वर्ष २०२२मध्ये येणार, हे १९४७पासून माहीत होते. सर ज. जी. कला महाविद्यालय आणि फोर्टातील टांकसाळ यांच्यात चालत जाण्याइतकेच अंतर आहे. एकीकडे शिल्पकार घडतात, दुसरीकडे नाणी आणि पदके. वर्षभर आधी नमुने मागवणे फार मोठी गोष्ट नव्हती.

सगळे मतदानावर सोडावे, असे मात्र नाही. मोबाइलवर सर्वाधिक लाइक मिळालेले रेखाटन पदक म्हणून बहुधा सर्वांत वाईट ठरेल, कारण लाइक मोठ्या चित्राला मिळतात. नमुने खुल्या स्पर्धेतून यावेत, टोपणनावाने यावेत. निवड पाच-सात जाणकारांनी करावी, त्यात एक माजी जवान आणि एक वीरपत्नी किंवा वीरमाता असावी. भारतरत्नाचेच उदाहरण घ्या. १९५४मध्ये ते गोल ठरले होते, वर्षभरातच पिंपळाच्या पानाचे झाले. म्हणजे ठरलेले रेखाटन बदलता येते.

आणि पदक हातात केव्हा पडते?

हा प्रश्न रेखाटनाच्या चर्चेत कोणी विचारत नाही. सेवापदकांचा अनुशेष हा लष्करातला जुना विषय आहे. हक्काचे पदक वेळेवर न आल्याने जवान दिल्ली छावणीतल्या गोपीनाथ बाजारासारख्या ठिकाणी जाऊन प्रतिकृती विकत घेतात. दुकानदाराकडे सीलबंद नमुना नसतो. त्याच्या डायमध्ये सिंहाची आयाळ थोडी वेगळी, फितीचा केशरी थोडा लालसर. समितीने दोन मिलिमीटरच्या पट्ट्यावर केलेली चर्चा तिथे काउंटरवर संपते. त्यामुळे रेखाटन पास करणाऱ्या बैठकीतच पहिल्या वर्षी किती पदके लागतील आणि ती कोणती टांकसाळ किती महिन्यांत देईल, याचा आकडा टिपणात यायला हवा.

हीच प्रथा पुढे चालू राहिली तर पुढचे मोठे स्मरणपदक २०४७मध्ये, स्वातंत्र्याच्या शंभराव्या वर्षी निघेल. आज अकरावी-बारावीत असलेली मुले तेव्हा कर्नल आणि सुभेदार असतील. त्या पदकाच्या अधिसूचनेत व्यास, धातू आणि फितीच्या वर्णनानंतर आणखी एक ओळ घालायला नियम आड येत नाही : रेखाटन अमुक यांचे.